अडीचशे खेपांचा गाळ : बिछरीच्या विहिरींचं प्रकरण

कापडाच्या रंगांसाठी लागणाऱ्या एच-आम्लाची करडी भुकटी चिमूटभर घ्यायची, पाण्यात टाकायची, विरघळावी म्हणून थोडा कॉस्टिक सोडा घालायचा आणि काचपात्र उघडंच खिडकीशी ठेवून घरी जायचं. सकाळी येऊन बघावं तर पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं असतं. प्रयोगशाळेत नव्या मुलांना हे दाखवलं की त्यांना गंमत वाटते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछरी गावातल्या लोकांनी विहिरीचं पाणी असंच काळवंडताना पाहिलं, तेव्हा त्यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं.

भूजल शुद्धीकरणाची प्रकरणं सांगताना आपण बहुधा तंत्रापासून सुरुवात करतो : कुठला पंप, कुठलं रसायन, किती निरीक्षण विहिरी. बिछरीचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते उलट कारणासाठी. इथं तंत्राचा प्रश्न फारसा अवघड नव्हता. गाळ कोणी उचलायचा आणि कधी, एवढ्याच प्रश्नावर सगळं अडलं. आणखी एक कारण म्हणजे या प्रकरणातला तांत्रिक अभ्यास आपल्या नागपूरच्या ‘नीरी’नं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं केला होता. कंपन्यांची नावं न्यायालयीन कागदपत्रांत आहेत. इथं त्यांची गरज नाही. कारखान्यांच्या आवाराच्या मालकीण कंपनीला ‘मूळ कंपनी’ आणि एच-आम्ल बनवणाऱ्या घटकांना ‘भगिनी कंपन्या’ म्हणू.

पार्श्वभूमी

१९८७ मध्ये बिछरीत मूळ कंपनीनं ओलियम, म्हणजे अतितीव्र गंधकाम्ल, आणि सिंगल सुपर फॉस्फेट हे खत बनवायला सुरुवात केली. त्याच आवारात पुढे भगिनी कंपनीनं एच-आम्लाचा प्रकल्प टाकला. एच-आम्ल हे रंग उद्योगातलं मधलं रसायन. त्यापासून कापडाचे रंग बनतात. इथला सगळा माल निर्यातीसाठी होता. पाश्चात्त्य देशांत या रसायनाच्या उत्पादनावर बंदी आल्याचं सांगितलं जातं, पण त्यांची गरज संपलेली नाही आणि ती आपल्याकडचे असे घटक भागवतात, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयानंच निकालपत्रात केली आहे. एच-आम्लाचा हा घटक प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती न घेताच सुरू झाला होता.

प्रक्रिया थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातूनच निघतो. नॅप्थलीनवर गंधकाम्लाची आणि मग नत्राम्लाची प्रक्रिया होते. उरलेलं आम्ल चुन्यानं मारतात, त्यातून जिप्सम पडतं. पुढच्या टप्प्यात लोखंडाचा कीस वापरून क्षपण करतात, त्यातून लोहयुक्त काळा गाळ निघतो. शेवटी कॉस्टिकबरोबर शिजवून आणि आम्लानं साका पाडून माल वेगळा काढतात. एक टन मालामागे कित्येक टन गाळ निघतो, शिवाय गडद रंगाचं आम्लयुक्त सांडपाणी. म्हणजे हा धंदा करणाऱ्यानं खरं तर आधी गाळाचा कारखाना काढलेला असतो, एच-आम्ल हे त्यातलं उपउत्पादन.

आता जमीन. उदयपूरच्या परिसरात अरवलीचे जुने, कठीण खडक आहेत. वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत पाणी असतं, आणि खोदलेल्या विहिरी तेच पाणी उपसतात. आपल्याकडच्या मुरूम-मांजऱ्याच्या विहिरींसारखाच प्रकार. अशा जमिनीत पाण्याचा साठा थोडा असतो आणि वाट वाकडीतिकडी. एका विहिरीला रंग येतो आणि शेजारची बरेच दिवस साफ राहते. त्यावरून लोक सोयीचे निष्कर्ष काढतात.

नेमकं काय बिघडलं

सांडपाणी प्रक्रिया न करताच मोकळं सोडलं गेलं. गाळ आवारात आणि आवाराभोवती उघड्यावर पडला. दोन्ही भगिनी कंपन्यांचा मिळून सुमारे २,४४० टन.

एच-आम्लाच्या रेणूवर सल्फॉनिक गट असतात. त्यांच्यामुळे त्याला पाण्याचा ओढा. मातीच्या कणांना ते धरून बसत नाही. तेलकट प्रदूषकं निदान मातीत अडकतात, पाण्यावर तवंगासारखी तरंगतात किंवा तळाशी बसतात. हे मात्र पाण्याबरोबर, जवळजवळ पाण्याच्याच वेगानं जातं. मातीतल्या जिवाणूंनाही ते सहज पचत नाही. त्यात मूळ कंपनीचं आम्लयुक्त पाणी त्याच परिसरात जिरत होतं. आम्लपाणी गाळातून झिरपलं की गाळातली द्रव्यं खाली उतरायला हातभारच लागतो.

विहिरींचं पाणी काळवंडलं. माणसांना पिण्याजोगं राहिलं नाही, गुरांना नाही, शेतीलाही नाही. पुढे नुकसानीचा आकडा साधारण ३५० हेक्टर जमीन आणि साठेक विहिरी असा मांडला गेला. लोक इतके खवळले की जिल्हा दंडाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं. प्रकरण संसदेतही गाजलं. जानेवारी १९८९ मध्ये एच-आम्लाचं उत्पादन बंद झालं.

इथं थांबून तारीख नीट बघा. जानेवारी. उदयपुरात पाऊस जूनच्या अखेरीस येतो. जमिनीवर २,४४० टन गाळ पडलेला आणि हातात कोरडे पाच महिने. दहा टनांचा ट्रक धरला तर साधारण अडीचशे खेपा. दोन ट्रक रोज दोन-दोन खेपा करते तर दोन महिन्यांत आवार साफ झालं असतं.

गाळ न्यायचा कुठे, हा प्रश्न रास्त आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आज आहे तशी धोकादायक कचऱ्याची सामायिक व्यवस्था तेव्हा नव्हती. धोकादायक कचऱ्याचे नियमच त्या वर्षीच्या जुलैत आले. पण अस्तर घातलेल्या खड्ड्यात, वरून पक्कं झाकून गाळ ठेवणं हे १९८९ मध्येही अशक्य कोटीतलं काम नव्हतं. पुढे न्यायालयानं तेच करायला सांगितलं.

उत्पादन बंद झालं आणि सगळ्यांना वाटलं, संकट टळलं. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग चूक हीच. बंदीच्या आदेशानं चिमणी थांबते, गाळ थांबत नाही. त्याच्यावर पुढचा पाऊस पडतोच.

समोर कोणते मार्ग होते

१९८९ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिथून पुढे पर्याय कागदावर येऊ लागले. मी ते माझ्या पद्धतीनं मांडतो.

पहिला मार्ग उगम काढण्याचा : गाळ आणि गाळ मुरलेली माती उचलून बंदिस्त करायची. भूजलाच्या कुठल्याही कामात हे आधी. टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो.

दुसरा मार्ग पाणी उपसून शुद्ध करण्याचा. इथं एक ढोबळ हिशोब करून बघण्यासारखा आहे. ३५० हेक्टरांखाली पाण्यानं भरलेला झिजलेला थर दहा मीटर जाडीचा धरा, आणि कठीण खडकात असते तशी पाणी देण्याची क्षमता दोन टक्के धरा. सात लाख घनमीटर पाणी होतं, म्हणजे सत्तर कोटी लिटर. तासाला दहा घनमीटर देणारी एक विहीर दिवसाचे वीस तास चालवली तर एवढं पाणी एकदा उपसायला साडेनऊ वर्षं लागतील. दहा विहिरी घातल्या तर एक वर्ष. पण एकदा उपसून भागत नाही. भेगांच्या कडेला, मातीच्या बारीक छिद्रांत अडकलेलं द्रव्य हळूहळू परत पाण्यात येतं, म्हणून तोच साठा अनेकदा उपसावा लागतो. हे माझे गृहीत आकडे आहेत, प्रकल्प अहवालातले नव्हेत. कामाचा आवाका कळावा म्हणून दिले.

उपसलेल्या पाण्याचं करायचं काय, हा त्याच्याच पोटातला प्रश्न. एच-आम्लाचा रेणू हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस लवण एकत्र वापरून फोडता येतो, रंग जातो. पण गंधकाम्लामुळे आलेलं सल्फेट आणि क्षार तसेच राहतात. रंग गेलेलं, पण खारट पाणी शेताला देऊन शेतकऱ्याला काय सांगायचं? मांडणी करताना ही बाब फार लोक विसरतात. आपण दूषित द्रव्यावर लक्ष ठेवतो, आणि शेतकऱ्याला मात्र पाणी हवं असतं.

तिसरा मार्ग वाट पाहण्याचा. उगम काढा, आणि दरवर्षीच्या पावसाला भूजल धुऊ द्या. स्वस्त आहे, आणि कधीकधी बरोबरही असतो. पण त्याला दोन अटी आहेत. उगम खरोखर काढलेला हवा, आणि तोवर लोकांना दुसरं पाणी मिळायला हवं. पहिली अट न पाळता हा मार्ग धरला तर त्याचं नाव दुर्लक्ष.

चौथा मार्ग पाणीपुरवठ्याचा. हा शुद्धीकरणात मोडत नाही, पण पहिल्या दिवशी हाच लागतो.

‘नीरी’च्या अभ्यासातून उपाययोजनेचा जो खर्च पुढे आला तो चाळीस कोटींच्या घरात होता. अडीचशे खेपांच्या भाड्याशी तो ताडून बघायचा मोह होतो.

काय केलं गेलं

१९९० मध्ये न्यायालयानं गाळ पुरण्याचं काम हाती घ्यायला लावलं. गाळ पुरला गेला, पण किती? २,४४० टनांपैकी सुमारे ७२० टन. उरलेल्या सतराशेवीस टनांचं म्हणाल तर काही आवारात विखुरलं, काही मातीत मिसळलं, वरून माती टाकून झाकलं गेलं.

हा या प्रकरणातला दुसरा निर्णयबिंदू. ज्यानं घाण केली त्यालाच साफ करायला सांगावं की सरकारनं साफ करून पैसे वसूल करावेत? पहिला मार्ग न्याय्य दिसतो. पण त्यात एक गोम आहे. गाळ जेवढा कमी सापडेल तेवढा खर्च कमी, हे साफ करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मातीत मिसळलेला गाळ मोजता येत नाही, म्हणून मिसळण्यात त्याचा फायदा. वजनकाट्याची पावती, खेपेगणिक नोंद आणि बाहेरचा माणूस नसेल तर ‘गाळ संपला’ या शब्दांना काही अर्थ राहत नाही.

गाळ मातीत मिसळण्यानं होतं काय, हेही पाहू. एका हेक्टरात फूटभर जाडीची माती म्हणजे जवळपास तीन हजार घनमीटर, वजनानं सुमारे अठ्ठेचाळीसशे टन. म्हणजे सतराशे टन गाळ एवढ्याच एका शेतात पसरला, तरी उचलायचा ढीग साडेसहा हजार टनांवर जातो. रंगही फिका पडतो, त्यामुळे माती डोळ्यांना बरी दिसू लागते. पावसाला ती बरी दिसत नाही.

पुढे न्यायालयानं सूत्र बदललं : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम करून घ्यावं, खर्च कंपन्यांकडून. ‘नीरी’चा सविस्तर अहवाल आला. आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्या. बी. पी. जीवन रेड्डी आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठानं निकाल दिला.

पर्यावरण कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असतो. धोकादायक उद्योग करणाऱ्यानं कितीही काळजी घेतली असली, तरी नुकसानीची जबाबदारी त्याचीच. आणि ती जबाबदारी नुसत्या भरपाईची नाही, बिघडलेलं पर्यावरण पूर्ववत करण्याच्या खर्चाचीही. ‘प्रदूषक भरेल’ हे तत्त्व भारतीय कायद्यात इतक्या ठामपणे आलं ते इथूनच. न्यायालयानं कंपन्यांना ‘रोग (rogue) इंडस्ट्रीज’, म्हणजे बदमाश उद्योग, म्हटलं, आवारातले सगळे कारखाने बंद करायला लावले आणि स्थावर मालमत्ता जप्त केली.

रक्कम मात्र ठरवली नाही. ती पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली केंद्र सरकारनं ठरवावी, असं सांगितलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. न्यायालय म्हणजे काही शुद्धीकरणाचं अंदाजपत्रक बनवणारं कार्यालय नव्हे. पण रक्कम ठरवणं हे नवं प्रशासकीय काम झालं, आणि प्रत्येक नव्या कामाला नवी हरकत घेता येते.

निष्पन्न

४ नोव्हेंबर १९९७ रोजी आकडा ठरला : ३७.३८५ कोटी रुपये. तो भरला गेला नाही. अर्जामागून अर्ज होत राहिले. प्रदूषण झालंच नाही इथपासून आता काही उरलंच नाही इथपर्यंत सगळ्या युक्तिवादांना अशा वेळी जागा मिळते. परिसरात इतर कारखाने असले की बोट तिकडेही वळतं. खरं तर एच-आम्ल हा स्वतःची ओळख सांगणारा रेणू आहे, धातूच्या किंवा खताच्या कारखान्यातून तो येत नाही. पण ओळख पटवायला वेळेत घेतलेले, शिक्का मारलेले नमुने लागतात. पंधरा वर्षांनी घेतलेला नमुना पंधरा पावसाळ्यांनंतरचा असतो.

१८ जुलै २०११ रोजी न्या. दलवीर भंडारी आणि न्या. एच. एल. दत्तू यांच्या पीठानं अर्ज फेटाळले. ३७.३८५ कोटी, त्यावर ४ नोव्हेंबर १९९७ पासून द.सा.द.शे. १२ टक्के चक्रवाढ व्याज, शिवाय दाव्याच्या खर्चापोटी दहा लाख, आणि तेही बिछरी परिसरातल्या उपाययोजनेसाठीच वापरायचे. अंतिम निकाल लागल्यावरही पंधरा वर्षं तो अडवून धरल्याबद्दल न्यायालयानं स्पष्ट नाराजी नोंदवली. वर्षाकाठी व्याज चढवत गेलं तर निकालाच्या दिवशीची रक्कम माझ्या हिशोबानं पावणेदोनशे कोटींच्या आसपास जाते.

म्हणजे जानेवारी १९८९ ते जुलै २०११. साडेबावीस वर्षं. या काळात कायदा कुठल्या कुठे पुढे गेला, आणि त्याचं श्रेय बिछरीला आहेच. चक्रवाढ व्याजाचा आदेशही मोठाच : पैसे अडवून धरण्यात फायदा उरू नये, हा त्यामागचा विचार. पण तेवीस पावसाळे त्या मातीवरून गेले. गाळातलं जे विरघळणारं होतं, त्यातलं किती आता आवारात शिल्लक आणि किती खाली-पुढे गेलं, हे १९८९ मध्ये ट्रक मोजून कळलं असतं. आता त्यासाठी बोअर घ्यावे लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

माझं पहिलं मत सांगितलंच : उत्पादनबंदीच्या आदेशाला गाळ उचलण्याची तारीख जोडायला हवी होती, आणि ती पावसाच्या आधीची. आजही कारखाने बंद करण्याचे आदेश निघतात तेव्हा वीज तोडली जाते, पाणी तोडलं जातं, दाराला सील लागतं. सीलबंद दाराआडच्या ढिगाकडे कोण बघतं? वीज तुटल्यावर ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा, आणि झिरप उपसणारा पंपही बंद पडतो, हे तर आणखी पुढचं.

दुसरं, दोन हिशोब वेगळे करायला हवे होते. पैसे कोणाचे, हा भांडणाचा विषय असू शकतो आणि भांडणाला वर्षं लागतात. खोदकाम त्यासाठी थांबायला नको. आधी सरकारी तिजोरीतून खड्डा खणायचा, गाळ हलवायचा आणि मग व्याजासकट वसुलीला लागायचं. याला विरोध होतो तो असा : जनतेच्या पैशानं कारखानदाराची घाण का काढायची? भावना रास्त आहे. मलाही चीड येते. पण गावाच्या पाण्याच्या बाजूनं बघितलं तर पाच महिन्यांच्या आत काम उरकणारा सरकारी ट्रक हा वीस वर्षांनी येणाऱ्या खासगी ट्रकपेक्षा बरा.

तिसऱ्या मुद्द्यावर मी स्वतः डळमळीत आहे. ३५० हेक्टरांवर एकच मोठी उपाययोजना मांडायची की आवारापुरतं छोटं काम आधी उरकायचं? संपूर्ण अंदाजपत्रक मांडल्यानं जबाबदारीचा खरा आकार दिसला, आणि न्यायालयापुढे तो दिसणं गरजेचं होतं. पण चाळीस कोटींचा आकडा ऐकून भरणारा पहिला विचार वकिलाचा करतो. दोन-तीन कोटींचा पहिला हप्ता, फक्त गाळ आणि आवारातल्या मातीसाठी, कदाचित लवकर वसूल झाला असता. कदाचित नसताही. या कंपन्यांचं एकंदर वागणं बघता मी पैज लावणार नाही.

आणि गावकऱ्यांची भरपाई. १९९६ च्या निकालानं ती थेट दिली नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानं दिवाणी न्यायालयात दावा लावावा, ऐपत नसेल तर अकिंचन म्हणून लावावा, असा मार्ग मोकळा ठेवला. कागदावर मार्ग सरळ आहे. विहिरीचा मालक न्यायालयात उभा राहणार, आणि समोरचा वकील विचारणार : १९८७ च्या आधी तुमच्या विहिरीचं पाणी कसं होतं, याचा अहवाल आहे का?

शेतकरी पाणी चाखून पाहतो, अहवाल ठेवत नाही. म्हणून नव्या रासायनिक वसाहतीच्या आसपास काम निघालं की मी आधी विहिरींचे नमुने घ्यायला लावतो. कारखान्याचा पाया खणला जाण्याआधी. दोन बाटल्या, तारीख, विहिरीचा गट क्रमांक, पाण्याची पातळी, मालकाची सही. एक प्रत कारखान्याकडे, एक मंडळाकडे, आणि तिसरी, जिच्यासाठी दरवेळी भांडावं लागतं, ती विहिरीच्या मालकाच्या घरी.